रूपनाम

डच भाषेच्या वर्गाचा पहिला दिवस होता. बाहेर झिमझिम पाऊस, आत कॉफीचा वास आणि प्रत्येकाच्या हातात एक फॉर्म. आडनाव, मग नावांची फक्त आद्याक्षरं, जन्मतारीख, आणि त्याखाली एक लहानशी चौकट. चौकटीवरचा शब्द मी अक्षरं जुळवत मनातल्या मनात वाचला. कानाला आलं ते ‘रूपनाम’.

मी थबकलेच. इतकी वर्षं कीर्तनातून आणि पोथ्यांतून ‘नामरूप’ ऐकलेलं. इथे या थंड, ओल्या देशात, सरकारी निळ्या फॉर्मवर तोच शब्द उलटा होऊन कसा काय बसला?

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या असतील. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, “तुला घरी काय म्हणून हाक मारतात ते लिही.” मग फळ्यावर शब्द फोडून दाखवला. ‘रूपन’ म्हणजे हाक मारणं आणि ‘नाम’ म्हणजे नाव. रूपनाम म्हणजे हाकेचं नाव. यातलं ‘रूप’ आपल्या रूपाचं कुणी लागत नाही, तो नुसता ध्वनीचा योगायोग. ‘नाम’ मात्र खरोखर आपलंच. संस्कृतातलं नाम आणि डचांचं नाम एकाच फार जुन्या मुळातून फुटलेले आहेत. वेंगुर्ल्याला आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर डच वखारीच्या पडक्या भिंती आहेत. सतराव्या शतकात त्या वखारीत बसून हिशेब लिहिणारा माणूसही नावाला नामच म्हणत असणार, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

माझं पासपोर्टवरचं नाव सुहासिनी. घरी मी बायो. आई, बाबा, काका, शेजारचे, सगळ्यांची बायो. मी आद्याक्षराच्या रकान्यात ‘स’ लिहिला आणि रूपनामाची चौकट तशीच कोरी ठेवून फॉर्म परत केला. परक्या ठिकाणी ते नाव काढायची हिंमत होईना.

पण शब्द मनात घर करून राहिला. नंतर कळत गेलं की इथे जवळजवळ प्रत्येक माणसाला दोन नावं असतात आणि त्याची कुणाला लाज नसते, उलट ती सरळ कागदावरच विचारतात. बाळ झालं की नातेवाईकांना छापील कार्ड जातं. त्यावर बाप्तिस्म्याची नावं ओळीने असतात, कधी दोन, कधी तीन, बरीचशी लॅटिन वळणाची : मारिया, कातारिना, योहाना, विल्हेल्मिना. त्याच्या खाली वेगळ्या ओळीत हाकेचं नाव. मोठं नाव चर्चच्या वहीत, आणि १८११ पासून, म्हणजे नेपोलियनच्या अमलात नागरी नोंदणी सुरू झाली तेव्हापासून, सरकारच्या वहीत. लहान नाव स्वयंपाकघरात.

दोन नावं लागण्याचं एक साधं घरगुती कारणही होतं. पहिल्या मुलीला आजीचं नाव, दुसरीला दुसऱ्या आजीचं, मग आत्याचं, मावशीचं, अशी पिढ्यान् पिढ्यांची रीत. पाच भावंडांच्या पाच मुली आणि पाचही जणी आजीवरून मारिया. सणाला सगळ्या एका घरात जमल्या आणि कुणी “मारिया!” म्हणून हाक मारली, तर पाचही माना वळणार. म्हणून एक मिया, एक मीके, एक मीस, एक रीत आणि एक मीप. कातारिनाची त्रैन झाली, काट्ये झाली, तिनेके झाली. एलिझाबेथची बेप किंवा एल्स झाली. गेर्त्राउडाची त्रूस झाली.

या सगळ्यांत मला लळा लागला तो ‘मीप’ या नावाचा.

मीप हे मुळात मारियाचं लाडकं रूप. लांब नावातला एक सोपा तुकडा उरतो, ‘मी’, आणि त्याला शेवटी एक ‘प’ चिकटतो. याकोबचा याप होतो, एलिझाबेथची बेप होते, योहानाची योप होते. तसंच हे. म्हणून पाहा एकदा. ओठ मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. म, प, ब ही तर बाळाच्या तोंडून सगळ्यांत आधी निघणारी अक्षरं. बाबा, आबा, माई, आपली घरातली निम्मी नावं याच ओठांच्या अक्षरांवर उभी आहेत. मीप हे नाव एखाद्या मोठ्या माणसाने विचार करून ठेवलं असेल असं मला वाटत नाही. ते कुणा धाकट्या भावंडाच्या तोंडातून सांडलं असणार.

इतकं घरगुती नाव लोकांच्या तोंडी राहून राहून झिजतं. आज डच बोलण्यात ‘मीप’ म्हणजे कुरकुर करणारी, साधीसुधी, जरा बावळट बाई, असाही एक अर्थ आहे. ‘त्रीन’चं तेच झालं, ती मूळची कातारिना. आपल्याकडे भागूबाईचं जे झालं ते. भागीरथी या नावात सबंध गंगा आहे, पण घाबरट माणसाला आपण भागूबाई म्हणतो. मला हे नेहमी लागतं. घरोघरी ज्या नावाने बायका राबल्या, तेच नाव टिंगलीला वापरलं जातं, आणि पुरुषांच्या नावांच्या वाट्याला हे कितीतरी कमी येतं.

अ‍ॅन फ्रँकची डायरी जपून ठेवणारी म्हणून ज्या मीपला साऱ्या जगाने ओळखलं, तिचं कागदावरचं नाव मारिया नव्हतंच. ते हर्मिने. हर्मिने सांत्रुशिट्स, जन्म व्हिएन्नाचा, १५ फेब्रुवारी १९०९. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात मुलांना पोटभर खायला मिळत नव्हतं. तिथल्या गरीब घरांतल्या मुलांना काही महिने नेदरलँड्समधल्या कुटुंबांत पाठवून धष्टपुष्ट करून परत आणायचं, अशी एक योजना होती. डिसेंबर १९२० मध्ये अकरा वर्षांच्या हर्मिनेला आई-वडिलांनी आगगाडीत बसवलं. तिच्या गळ्यात एक कार्ड अडकवलेलं होतं आणि त्यावर नाव होतं परक्या माणसांचं, ज्यांच्या घरी तिला जायचं होतं त्यांचं. माझ्या डोळ्यांपुढून हे कार्ड हलत नाही. खंगलेली पोर, भाषा येत नाही, आणि गळ्यात दुसऱ्यांचं नाव.

गाडी लायडनला पोचली. ज्या घराने तिला उचललं तिथे आधीच पाच मुलं होती आणि कमाई बेताची. तरी एक पान जास्त मांडलं. ती तिथे जेवली, भरली, काही महिन्यांत डच बोलायला लागली. आणि हर्मिने हे नाव त्या घराला फार भारदस्त वाटलं म्हणून त्यांनी तिला मीप म्हणायला सुरुवात केली.

शब्दांचं गणित मांडायचं, तर हर्मिनेची मीन व्हायला हवी होती. पण घरात कुणी व्युत्पत्ती पाहून हाक मारत नाही. जीभ वळते तिथे नाव वळतं. मला यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. पाहुण्याला आपण लाडाचं नाव ठेवत नाही. तीन महिन्यांनी जो परत जायचा आहे, त्याला पूर्ण नावाने, जरा जपूनच हाक मारतो. त्या घराने तिचं नाव तोडून लहान केलं, त्याच दिवशी ती त्यांची झाली. मुक्काम लांबत गेला. कुटुंब पुढे अ‍ॅमस्टरडॅमला आलं, तीही आली. १९२५ मध्ये सोळा वर्षांची असताना ती व्हिएन्नाला आई-वडिलांना भेटायला गेली, तेव्हा आपण इथे परक्या झालो आहोत हे तिला कळून चुकलं होतं. आईने ठेवून घेतलं तर काय, ही धास्ती तिच्या पोटात होती. आईने ठेवून घेतलं नाही. त्या आईला ते किती जड गेलं असेल! पोटच्या हर्मिनेला पाठवलं आणि भेटायला आली ती मीप.

व्हिएन्ना, मुलं आणि आगगाडी हे तिन्ही पुन्हा एकत्र आले ते डिसेंबर १९३८ मध्ये. गेर्त्राउडा वाइसम्युलर-मायर नावाची एक डच बाई व्हिएन्नाला जाऊन थेट नाझी अधिकारी आइकमनसमोर उभी राहिली आणि ६०० ज्यू मुलांना देशाबाहेर काढण्याची परवानगी घेऊन आली. १० डिसेंबरला मुलांची गाडी सुटली. त्यातली बहुतेक इंग्लंडला पोचली. अशा किती गाड्या, किती मुलं. ती सगळी तिला ‘तांते त्रूस’ म्हणत, म्हणजे त्रूसमावशी. गेर्त्राउडा हे नाव त्या मुलांनी कधी ऐकलंही नसेल.

डच भाषेला लहान करण्याची हौस फार. कशालाही ‘ये’, ‘त्ये’, ‘के’ लावतात. कप कॉफी, बिअर, घर, मांजर, सगळंच लहानसं. त्रैनची त्रैंत्ये होते, साराची सार्त्ये होते. आणि एकदा का शब्द असा लहान झाला की तो नपुंसकलिंगी होतो. मुलगी हा शब्दसुद्धा, ‘मायश्ये’, मुळात असा लहान केलेलाच, म्हणून व्याकरणात नपुंसकलिंगी. वर्गात हे ऐकून एक दोघी वैतागल्या. मुलगी आणि ‘ते’? मला मात्र एकदम घरी गेल्यासारखं झालं. आमच्या मालवणी-कोकणीत ‘चेडू’ नपुंसकलिंगीच आहे. मराठीत लेकरू, कोकरू, पाखरू, बाळ, सगळी ‘ते’. ज्याच्यावर जीव असतो त्याला आपण ‘तो’ आणि ‘ती’च्या आधी ‘ते’ म्हणतो. “कुठे गेलं गं ते?” हे माझी आजी मला विचारायची तेव्हा तिच्या आवाजातली ऊब त्या ‘ते’मध्ये असायची.

आजीवरून आठवलं. तिला सासरी लक्ष्मी म्हणत. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने आजोबांनी ते नाव लिहिलं होतं. पुढे सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर, मतदार यादीत तेच. दर भाऊबीजेला तिचा धाकटा भाऊ शिरोड्याहून यायचा. अंगणाच्या पायरीवर चपला काढता काढता, आत वर्दी न देता, तो मोठ्याने हाक मारायचा, “ठके!” मी सहा-सात वर्षांची असेन. ती हाक आली की आजी हातातलं काम तसंच टाकायची. एकदा तर चुलीवरच्या कढईत घावनाचं पीठ घातलेलं, ते तिथेच करपू दिलं आणि ओला हात लुगड्याला पुसत बाहेर धावली. धावणारी आजी मी वर्षातून तेवढ्या एका दिवशी बघायची. तो भाऊ वारल्यावर ठकू म्हणणारं कुणी राहिलं नाही. पुढची अकरा वर्षं आजी फक्त लक्ष्मी होती.

पण लहान नावात नेहमी ऊबच असते असं म्हणायला माझी जीभ धजत नाही, कारण सार्त्ये बार्टमन. दक्षिण आफ्रिकेत, केपमध्ये, खोईखोई लोकांत जन्मलेली. डच वसाहतवाल्यांच्या घरी राबणारी. तिला सार्त्ये म्हणत, म्हणजे लहानशी सारा. १८१० मध्ये तिला लंडनला नेऊन लोकांसमोर प्रदर्शनात उभं केलं, तिच्या शरीराकडे बोट दाखवून बघायला तिकीट लावलं. १८१५ च्या अखेरीस ती पॅरिसमध्ये मेली आणि मेल्यावरही तिचे अवशेष तिथल्या संग्रहालयात ठेवले. ते परत मायदेशी येऊन दफन व्हायला २००२ साल उजाडलं. लायडनच्या घरात मुलीच्या ताटात वाढताना जो प्रत्यय लावतात, तोच इथे मोठ्या बाईला कायम पोर ठरवायला लावला होता. तिच्या आईने तिला काय हाक मारली होती, ते कुठल्याच वहीत नाही. तिचं रूपनाम तिच्याबरोबर गेलं.

मीपचं मात्र राहिलं. १९३३ मध्ये तिला ओटो फ्रँक यांच्याकडे नोकरी लागली. जर्मनीतून नुकतेच आलेले ज्यू गृहस्थ, घरगुती जॅम घट्ट करायचं पेक्टिन विकण्याचा धंदा. आधी तिला ऑफिसच्या स्वयंपाकघरात जॅमच करायला लावले, म्हणजे गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तर देता यावं. फ्रँक यांचं डच तेव्हा कच्चं होतं, म्हणून दोघं जर्मनमध्ये बोलले. हर्मिनेची भाषा मीपच्या कामाला आली.

ऑस्ट्रिया हिटलरने गिळल्यावर तिच्याकडे जर्मन पासपोर्ट आला. नाझी बायकांच्या संघटनेत यायला तिने नकार दिला आणि काही दिवसांनी तिला बोलावणं आलं. अधिकाऱ्याने पासपोर्टवर काळी फुली मारली आणि तीन महिन्यांत व्हिएन्नाला निघून जायला सांगितलं. कागदावर ती हर्मिने होती आणि हर्मिनेचं घर व्हिएन्ना. मीपचं घर कुठलं, हे विचारायला फॉर्मवर जागा नव्हती. यान गीस या डच माणसाशी तिचं लग्न ठरलेलं होतंच. डच नवरा म्हणजे डच नागरिकत्व. धडपड करून व्हिएन्नाहून जन्माचा दाखला मागवला आणि १६ जुलै १९४१ रोजी लग्न लागलं. त्या लग्नाला ओटो फ्रँक आले होते आणि त्यांच्याबरोबर त्यांची बारा वर्षांची मुलगी अ‍ॅन.

पुढची हकीकत जगाला माहीत आहे, तरी माझ्या मनात ती नावांच्या वाटेने येते. ६ जुलै १९४२ ला सकाळी पावसात मीप आणि अ‍ॅनची थोरली बहीण मार्गो सायकलवरून प्रिन्सेनग्राख्त २६३ ला गेल्या आणि ऑफिसमागच्या खोल्यांत लपण्याचं पर्व सुरू झालं. आठ माणसं, दोन वर्षं. त्यांची भाजी, त्यांची पुस्तकं, त्यांना बाहेरच्या जगाची खबर, हे सगळं मीप, ऑफिसातलीच बेप आणि त्यांचे सहकारी पुरवत. अ‍ॅनने ११ जुलै १९४३ च्या नोंदीत लिहिलंय की मीप ओझ्याच्या गाढवासारखी लादलेली असते, रोज भाजी शोधते आणि मोठ्या पिशव्या सायकलवरून आणते, आणि दर शनिवारी पाच पुस्तकं आणते. अ‍ॅन ज्या काल्पनिक मैत्रिणीला हे सगळं लिहायची ती किटी. तेही कातारिनाचंच लाडकं रूप.

४ ऑगस्ट १९४४ ला छापा पडला. पकडायला आलेला अधिकारी बोलू लागला आणि मीपच्या कानाने ते उच्चार ओळखले. ती म्हणाली, तुम्ही व्हिएन्नाचे, मीही व्हिएन्नाची. तो चक्रावला, तिचं ओळखपत्र बघितलं, आरडाओरडा करत येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी तिला सोडून गेला. आठही जणांना आणि दोन सहकाऱ्यांना नेलं. चोवीस वर्षं मागे टाकलेल्या हर्मिनेने त्या क्षणी पुढे येऊन मीपला वाचवलं, असं मला वाटतं. नंतर ती पैसे देऊन माणसं सुटतात का ते बघायला त्याच्या कचेरीतही जाऊन आली. नाही सुटली.

त्याच दिवशी तिने आणि बेपने वरच्या खोलीत जमिनीवर विखुरलेली पानं आणि चौकड्यांची वही गोळा केली. मीपने ती टेबलाच्या खणात ठेवली, न वाचता. पोर परत आली की तिची तिला द्यायची. अ‍ॅन परत येणार नाही हे १९४५ च्या उन्हाळ्यात कळलं, तेव्हा तिने सगळं काढून बापाच्या हातात ठेवलं. ती पुढे सांगायची, मी वाचलं असतं तर जाळून टाकावं लागलं असतं. कारण मदत करणाऱ्यांची आणि काळ्या बाजारात धान्य-भाजी देणाऱ्यांची नावं त्यात होती आणि नाव सापडणं म्हणजे मरण.

१९४७ मध्ये ती डायरी छापली, तेव्हा माणसांची नावं बदलली होती. बेपची एली झाली, यानचा हेंक झाला, गीस आडनावाच्या जागी फान सांतेन आलं. मीप मात्र मीपच राहिली. ते नाव इतकं साधं होतं, इतक्या घरांत होतं, की लपवायची गरजच पडली नसेल.

ती ११ जानेवारी २०१० ला गेली, शंभर वर्षं आणि जवळजवळ अकरा महिन्यांची होऊन. एका लघुग्रहाला तिचं नाव दिलेलं आहे, क्रमांक ९९९४९, मीपगीस. आकाशाच्या नोंदवहीतसुद्धा कुणी हर्मिने लिहिलं नाही.

वर्गाच्या चौथ्या आठवड्यात मी बाईंकडून माझा फॉर्म मागून घेतला. कोरी चौकट तशीच होती. तिथे ‘बायो’ लिहिलं, रोमन अक्षरांत, चार. बाईंनी चष्मा वर करून वाचलं, अर्थ विचारला. म्हटलं, बाई या शब्दाचं हे लाडकं रूप, लहान मुलीला म्हणतात. त्या हसल्या. त्यांचं कागदावरचं नाव मारिया, पण त्या नावाने त्यांना फक्त बँक ओळखते, असं त्या म्हणाल्या.

पुढच्या बुधवारी मला उशीर झाला. ट्राम चुकली, छत्री उलटली. जिना चढून आले तेव्हा दार अर्धं उघडं होतं आणि आत हजेरी चालली होती. माझ्या नावापाशी बाई थांबल्या. मग ‘यो’ जरा लांबवत, जसा आमच्या अंगणातून लांबवतात तसा, त्यांनी दाराच्या दिशेने हाक मारली आणि मी ओल्या चपलांनिशी तशीच आत धावले.